शहर होण्याआधीची मोकळी जागा

उद्यानं, मैदानं आणि मोकळ्या जागा यांवरची महाराष्ट्रातली चर्चा सहसा मुंबईत सुरू होते आणि पुण्यात संपते. फार झालं तर नागपूरचा उल्लेख होतो. ते स्वाभाविकही आहे. जिथे जागा संपली तिथे ओरड जास्त, कोर्टकज्जे जास्त आणि आकडेवारीही जास्त. हा आढावा मात्र बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातल्या बीबीसारखं गाव नजरेसमोर ठेवून घेतला आहे. मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या जुन्या महामार्गावरचं, आजूबाजूच्या खेड्यांचा राबता असलेलं हे गाव. ना तालुक्याचं ठिकाण, ना नगरपंचायत; कारभार ग्रामपंचायतीचा. मात्र रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुकानांची रांग लावत, शेताचे प्लॉट पाडत अशी गावं ज्या रीतीनं वाढतात, ती रीत शहराचीच आहे. शहरांनी पन्नास वर्षांपूर्वी जे ठरवायचं राहून गेलं, ते इथे अजून ठरवता येण्यासारखं आहे. म्हणून मोठ्या शहरांतल्या वादाचं इथे काय लागू पडतं आणि काय पडत नाही, हे पाहणं उपयोगाचं ठरेल.

दोन वेगळे उगम

मोकळ्या जागेची सोय आपल्याकडे दोन वेगळ्या कायद्यांच्या घराण्यांतून आली आणि त्या घराण्यांची कधी नीट सोयरीक झाली नाही.

पहिलं घराणं नगररचनेचं. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली सुधार न्यास स्थापन झाला. दाट वस्तीत हवा आणि उजेड यावा, हा त्यामागचा आरोग्याचा विचार होता. दादर-माटुंग्याची आखणी, तिथली पाच उद्यानं, पुढे १९२५ साली महापालिकेनं खुलं केलेलं शिवाजी पार्क ही त्या काळाची देणगी. १९१५ चा मुंबई नगररचना कायदा हा देशातला या प्रकारचा पहिला. पॅट्रिक गेडिस १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायला आले. जुनी वस्ती सरसकट पाडण्यापेक्षा तिच्यातल्या मोकळ्या कोपऱ्यांना, तळ्यांना आणि झाडांना जीव लावून शहर सुधारावं, असं त्यांचं म्हणणं. नागपुरात १९३६ साली सुधार प्रन्यास आला. १९५४ च्या कायद्यानं विकास आराखडा बंधनकारक केला आणि १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानं आज लागू असलेली चौकट घालून दिली. आराखड्यात बाग, मैदान, शाळा अशी आरक्षणं दाखवायची आणि मग त्या जमिनी मिळवायच्या.

दुसरं घराणं महसुलाचं. वऱ्हाडातल्या गावात मोकळी जागा म्हटलं की माणूस आराखडा काढून दाखवत नाही. तो ई-क्लास जमिनीकडे, म्हणजे गायरानाकडे, बोट करतो, नाहीतर गोठाणाकडे, पांदणीकडे किंवा बाजाराच्या जागेकडे. गुरांना चराई, खळं आणि स्मशान यांसाठी या जमिनी गावाला राखून ठेवलेल्या असत. महसूल संहितेच्या २२ व्या कलमात ही परंपरा आजही आहे. ही मोकळी जागा कोणी 'उद्यान' म्हणून आखली नव्हती, पण पोरांचं खेळणं, जत्रा, कुस्त्या, तंबूतला सिनेमा हे सगळं तिच्यावरच झालं.

शहरात आरक्षण आणि खेड्यात गायरान, अशी ही वाटणी. बीबीसारख्या गावाची अडचण अशी की पहिल्या व्यवस्थेचा हात तिथवर पोचलेला नसतो आणि दुसरीची पकड सुटत चाललेली असते.

किती जागा पुरेशी?

वादाचा सर्वांत ठळक भाग मापाचा आहे. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या नावानं ९ चौरस मीटरचा आकडा लेखांतून आणि भाषणांतून सतत फिरतो. तो मुळात कोणत्या दस्तऐवजातला, यावर अभ्यासकांमध्येच एकवाक्यता नाही. मुंबईत प्रत्यक्षात वापरता येणारी जागा माणशी एक-सव्वा चौरस मीटरच्या घरात असल्याचं सांगितलं जातं. म्हणजे चटईवर बसल्याइतकी.

मापाच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा मुद्दा सरळ आहे. आकडा नसेल तर मागणी करता येत नाही, कोर्टात उभं राहता येत नाही आणि आराखड्यात काय कमी पडलं हेही दाखवता येत नाही. दुसरी बाजू म्हणते, सरासरी फसवी असते. शहराच्या एका टोकाला मोठं वन असेल तर माणशी आकडा फुगतो, आणि दुसऱ्या टोकाच्या मुलाला क्रिकेट खेळायला रस्ता सोडून काही उरत नाही. म्हणून अलीकडे क्षेत्रफळाऐवजी अंतर मोजण्याकडे कल आहे. नगरवनांचे अभ्यासक सेसिल कोनिनेनडाइक यांनी २०२१ साली '३-३०-३००' असं सूत्र मांडलं : घरातून तीन झाडं दिसावीत, वस्तीवर ३० टक्के झाडांची छाया असावी आणि ३०० मीटरच्या आत बाग असावी.

बीबीत बसून हे वाचताना गंमत वाटते. गावातून कुठल्याही दिशेला दहा मिनिटं चाललं की शेत लागतं. मोकळं आभाळ काही कमी नाही. मग प्रश्न आहे तरी का? पण कापसा-सोयाबीनचं शेत खासगी असतं, त्यात कोणी चेंडू घेऊन शिरत नाही. पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी अशा गावांत कुठे पळतात ते पाहावं. भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. सराव होतो डांबरी रस्त्याच्या कडेनं, मागून येणाऱ्या ट्रकच्या उजेडात. बायकांचं चालणंही त्याच कडेनं. आकड्यांच्या चर्चेत न मावणारी उणीव ही आहे : मोकळं रान सभोवार आहे, पण सर्वांचं म्हणावं असं आणि सुरक्षित असं त्यात थोडंच आहे.

मालकाची बाजू

आरक्षण म्हटलं की मोकळ्या जागेचे कैवारी आणि बिल्डर अशी लढाई रंगवली जाते. प्रत्यक्षात आरक्षणाखाली येणारा मालक पुष्कळदा चार-पाच एकरांचा शेतकरी असतो. त्याच्या जमिनीवर नकाशात हिरवा रंग भरला जातो आणि मग दहा-वीस वर्षं काहीच होत नाही. नगरपालिकेकडे पैसे नसतात. त्याला घर बांधता येत नाही, बँक कर्ज देत नाही, मुलीच्या लग्नाला जमीन विकावी तर गिऱ्हाईक मिळत नाही.

यावर उतारा म्हणून १९६६ च्या नियोजन अधिनियमात कलम १२७ आहे. दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं. ही मुदत आधी सहा महिने होती, मग बारा, आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर चोवीस महिने झाली. 'पावलं' म्हणजे नेमकं काय, यावर गिरनार ट्रेडर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला २००७ साली बोलावं लागलं : नुसता पत्रव्यवहार केला म्हणजे पाऊल उचललं असं होत नाही. मोकळ्या जागेच्या बाजूनंही न्यायालयं तितक्याच ठामपणे उभी राहिली आहेत. १९९१ च्या बेंगळुरू मेडिकल ट्रस्ट खटल्यात बागेची जागा खासगी इस्पितळाला देण्याचा निर्णय रद्द झाला आणि बाग ही रहिवाशांच्या हक्काची सोय आहे, प्राधिकरणाच्या मर्जीची नव्हे, हे स्पष्ट झालं.

दोन्ही निकाल एकत्र वाचले तर चित्र उघड होतं. आरक्षण टिकवायचं असेल तर पैसे मोजावे लागतात, आणि २०१३ च्या भूसंपादन कायद्यानंतर ते पूर्वीपेक्षा बरेच जास्त मोजावे लागतात. या कायद्यामागचा न्याय कोणी नाकारत नाही. पण लहान नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात एका मैदानाचा मोबदला बसणं अवघड, हेही खरं.

पैसे न देता जागा मिळवण्याचे मार्ग

याच अडचणीतून गेल्या तीस-पस्तीस वर्षांत काही तोडगे निघाले. १९९१ च्या मुंबईच्या नियमावलीनं टीडीआर आणला. जमीन महापालिकेला द्या आणि तिच्या बदल्यात दुसरीकडे बांधकामाचा हक्क घ्या, तो विकाही. त्याच नियमावलीच्या ५८ व्या नियमानं गिरण्यांच्या जमिनीची तिहेरी वाटणी ठरवली : एक वाटा मोकळ्या जागेला, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीनं ही वाटणी फक्त गिरणीच्या आवारातल्या रिकाम्या जमिनीपुरती मर्यादित केली, आणि मिळणारी जागा एकदम आक्रसली. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ साली दुरुस्तीचा संकुचित अर्थ नाकारला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं तो मान्य केला. गिरणगावाला मिळू शकली असती अशी मैदानं एका नियमाच्या वाचनावर गेली, असं पर्यावरणवादी म्हणतात. बंद गिरण्यांची देणी फेडण्यासाठी आणि कामगारांचे पैसे चुकते करण्यासाठी जमिनीतून पैसा उभा राहणं गरजेचं होतं, ही समोरची बाजू.

पुण्यात टेकड्यांवरून असाच पेच आहे. १९९७ साली महापालिकेत आलेल्या २३ गावांमधल्या ९७८ हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण टाकण्याचा निर्णय बरीच वर्षं लोंबकळला. २०१५ साली सरकारनं ते मान्य केलं आणि मालकांना आठ टक्के टीडीआर देऊ केला. मालकांना तो तुटपुंजा वाटतो, टेकडीप्रेमींना वाढीव मोबदल्याच्या प्रत्येक प्रस्तावात बांधकामाचा शिरकाव दिसतो. बराचसा भाग अजून खासगी मालकीतच आहे.

तिसरा मार्ग नगररचना योजनेचा. सगळ्या मालकांच्या जमिनी एकत्र धरायच्या, रस्ते आणि मैदानं काढून घ्यायची आणि उरलेली जमीन आखीव प्लॉटच्या रूपानं परत द्यायची. गुजरातनं १९७६ च्या कायद्याखाली ही पद्धत नेमानं वापरली. तिथे साधारण चाळीस टक्क्यांपर्यंत जमीन काढली जाते आणि त्यात पाच टक्के बागा-मैदानांसाठी धरतात. महाराष्ट्रात हा मार्ग १९१५ पासून उपलब्ध असून मधली कित्येक दशकं तो अडगळीत पडला. अलीकडे पुणे महानगर प्रदेशात माण-म्हाळुंग्याला आणि नवी मुंबई विमानतळाच्या परिसरात तो पुन्हा हाती घेतला आहे. समृद्धी महामार्गालगतच्या नव्या नगरांसाठी भूसंचयनाची कल्पना त्याच वळणाची. त्यातलं सावरगाव माळ बीबीच्या शेजारच्या सिंदखेडराजा तालुक्यातलंच.

आता हे सगळं बीबीला लावून पाहू. टीडीआर चालतो तो जिथे जादा एफएसआयला, म्हणजे वाढीव बांधकामाच्या हक्काला, गिऱ्हाईक असतं तिथे. ज्या गावात लोक दोन मजल्यांचं घर बांधून थांबतात, तिथे वरच्या मजल्याचा हक्क विकत घेणार कोण? कागदावर मोबदला, बाजारात शून्य. मोठ्या शहरांसाठी घडवलेलं हत्यार लहान गावात बोथट ठरतं, आणि राज्याच्या धोरणचर्चेत हा फरक फार कमी वेळा येतो. जमीन एकत्र करून वाटण्याची पद्धत मात्र अशा गावाला तत्त्वतः जुळते. भाव अजून फार चढलेले नसतात आणि आखीव रस्त्यामुळे परत मिळालेल्या प्लॉटची किंमत वाढते. त्यासाठी मोजणी, सुनावण्या आणि लवाद करणारी यंत्रणा हवी. ती ग्रामपंचायतीकडे नाही आणि जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयाचं मनुष्यबळ सगळ्या गावांना पुरणारं नाही.

लेआउटमधली ओपन स्पेस

मग बीबीसारख्या गावात मोकळी जागा येते कुठून? लेआउटमधून. शेत अकृषक करून प्लॉट पाडताना काही जागा सोडावी लागते. विदर्भात तिला सगळे 'ओपन स्पेस' म्हणतात. उद्यान वगैरे शब्द उद्घाटनाच्या पाटीपुरते. डिसेंबर २०२० मध्ये राज्यात, मुंबई आणि काही विशेष क्षेत्रं वगळून, एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यानुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात दहा टक्के जागा मोकळी सोडायची.

०.४ हेक्टर म्हणजे ४,००० चौरस मीटर. एकर म्हणजे ४० गुंठे, ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे एकराचा लेआउट नियमात बसतो आणि ३९ गुंठ्यांचा त्यातून सुटतो. मोठ्या जमिनीचे तुकडे करून कोणी पळवाट काढू नये यासाठी अटी आहेत, पण त्या राबवायच्या तर जुने सातबारे काढून बसणारा कोणीतरी लागतो. ते बाजूला ठेवू. एका एकरामागे सुटते ती ओपन स्पेस चार गुंठ्यांची, चारशे चौरस मीटर. कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं, म्हणजे एवढ्या जागेत ते दोनदाही बसेल. झोपाळा आणि घसरगुंडी बसेल. धावायचं मात्र नाव नको : ४०० मीटरची प्रमाण धावपट्टी आखायला सुमारे चार एकर लागतात. दहा शेतकऱ्यांनी दहा लेआउट पाडले आणि प्रत्येकानं इमानदारीनं आपापले चार गुंठे सोडले, तर गावाला एकरभर मोकळी जागा मिळते खरी, पण दहा कोपऱ्यांत. मैदान एकही नाही. नियम तंतोतंत पाळूनही मोठी जागा तयार होत नाही, ही या पद्धतीची उपजत मर्यादा आहे. नियमावलीच्या समर्थकांचं उत्तर असं की घराजवळची छोटी जागा म्हाताऱ्यांना आणि लहान लेकरांना जास्त उपयोगी पडते. तेही खोटं नाही. दोन्ही लागतात, आणि टक्केवारीच्या नियमातून त्यातलं एकच मिळतं.

त्यातही ती जागा टिकते का, हा पुढचा प्रश्न. सातबाऱ्यावर पुष्कळदा मूळ मालकाचंच नाव राहतं. काही वर्षांनी वारस येतो, नाहीतर तीच जागा प्लॉट म्हणून विकली जाते. जी वाचते तिच्यावर हळूहळू पाण्याची टाकी, अंगणवाडी, आमदार निधीतलं सभागृह आणि एक मंदिर येतं. सार्वजनिक बागा आणि रस्त्यांवर नवी अनधिकृत प्रार्थनास्थळं होऊ देऊ नयेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर २००९ चा आदेश आहे. गावकऱ्यांच्या लेखी ओट्यावर मंदिर झालं म्हणजे ती जागा राखली गेली, आता तिथे कोणी प्लॉट पाडायला धजणार नाही. या युक्तिवादाला हसण्याचं कारण नाही. अतिक्रमण थोपवायला दुसरी यंत्रणा जवळ नसते.

ज्या वस्त्या लेआउटविनाच वाढल्या, तिथे ही चार गुंठ्यांची चैनही नाही. १९४७ चा तुकडेबंदी कायदा असूनही गुंठ्या-गुंठ्यानं जमीन विकली गेली. २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला आणि २०२१ साली त्याची मुदतरेषा डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणली गेली. नागपुरात '५७२' आणि '१९००' हे आकडे अशा लेआउटांच्या याद्यांचेच. लोक पत्ता सांगतानाही ते वापरतात. गरिबाला परवडणारं घर गुंठेवारीतच मिळालं, ही त्या कायद्याची ठोस बाजू. घरं नियमित करता येतात, पण नसलेलं मैदान नियमित कसं करणार, ही उरलेली अडचण. महसूल संहितेतल्या ४२-ड कलमानं गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला निवासी अकृषक वापराची वाट सोपी केली. लोकांचे हेलपाटे वाचले. पण गावाची पहिली वाढ ज्या पट्ट्यात होते, तोच हा पट्टा आहे, आणि त्याचा नकाशा आधी आखून ठेवायची जबाबदारी कोणावर टाकलेली नाही.

ई-क्लास : कोणाची मोकळी जागा?

सगळ्यात नाजूक वाद इथे आहे. लेआउटच्या चार गुंठ्यांपुढे ई-क्लासचे पट्टे प्रशस्त असतात. मैदानाला, झाडांना, बाजाराला पुरतील असे. सर्वोच्च न्यायालयानं जगपाल सिंग खटल्यात २८ जानेवारी २०११ रोजी गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. महाराष्ट्र सरकारनं त्याच वर्षी १२ जुलैला गायरान अन्य कामाला द्यायला बंदी घालणारा निर्णय काढला. पुढे महसूल संहितेत २२-अ कलम आलं, ज्यात सार्वजनिक प्रकल्पासारखे अपवाद सोडले तर गायरानाचा वापर बदलता येत नाही. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयानं हा विषय स्वतःहून हाती घेतला. तेव्हा राज्यभरातली अतिक्रमणं दोन लाखांहून अधिक असल्याचं समोर आलं. ती काढण्याच्या नोटिसा निघू लागल्या तशी खेड्यापाड्यांत धडकी भरली.

कारण ही अतिक्रमणं सगळी एका जातीची नाहीत. एकीकडे बड्यांनी कुंपण घालून वहीत केलेलं गायरान आहे. दुसरीकडे भूमिहीन दलित, पारधी आणि भटक्या समाजातल्या कुटुंबांनी कसलेली जमीन आणि त्यावरचं एक खोलीचं घर आहे. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून ही मागणी चालत आली आहे. १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली मागासवर्गीयांची अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय सरकारनंच घेतला होता, आणि सरकारी जमिनीवरची २०११ पूर्वीची राहती घरं 'सर्वांसाठी घरे' या धोरणात बसवण्याचे आदेशही निघाले. मोकळी जागा वाचवा, ही घोषणा अशा वस्तीत वेगळ्या स्वरात ऐकू येते. दुसऱ्या बाजूला पशुपालक आहेत, ज्यांच्या शेळ्या-मेंढ्यांना चराई उरलेली नाही. त्यांच्या दृष्टीनं घरकुल काय आणि सरकारी मैदान काय, दोन्ही अतिक्रमणंच.

माझा कल सांगायचा तर घर आणि मैदान यांची अशी झुंज लावणं टाळता येण्यासारखं आहे. गावाच्या वाढीची दिशा आधी ठरली तर ई-क्लासचा कोणता तुकडा वस्तीला, कोणता चराईला आणि कोणता खेळाला, हे ग्रामसभेत बोलता येतं. ठरवणं लांबलं की जो आधी खुंट रोवतो त्याची जमीन.

जागा आहे, पुढे काय?

जागा मिळाल्यावरचा वाद तुलनेनं सौम्य आहे, पण पैसा यातच मुरतो. बाग की मैदान? बाग म्हटलं की लॉन, कारंजं, कंपाउंड आणि कुलूप. मैदान म्हटलं की माती. निधी मिळतो तो बहुधा पहिल्यासाठी, कारण त्याचं उद्घाटन करता येतं. गावोगावच्या ओपन स्पेसवर बसवलेल्या 'ओपन जिम' पाहाव्यात : दोन पावसाळ्यांत चालण्याच्या यंत्राचं बेअरिंग गेलेलं, सीट निखळलेली, भोवती गाजरगवत कमरेपर्यंत. दुरुस्तीची तरतूद कोणत्याच कामाच्या अंदाजपत्रकात नसते. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला साठ टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता; उरलेल्या चाळीस टक्क्यांतून गावाच्या बाकी सगळ्या गरजा. उन्हाळ्यात टँकर लावावा लागणाऱ्या भागात लॉनला पाणी घालणं कोणालाही समर्थनीय वाटणार नाही. कडुनिंब, करंज, चिंच, वड अशी झाडं तीन वर्षं जगवली की पुढे स्वतःची सोय पाहतात, आणि ती तीन वर्षं रोजगार हमीतून निघू शकतात.

देखभाल कोणी करायची, यावर मुंबईचा अनुभव ताणलेला आहे. २००७ च्या धोरणानुसार मैदानं संस्थांना दत्तक देण्याची सोय झाली. काही जागा सुधारल्या, काहींवर क्लब उभे राहून सामान्यांना दार बंद झालं. जानेवारी २०१६ मध्ये नवं दत्तक धोरण महापालिकेनं मंजूर केलं आणि लगेच मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली. बुलडाणा जिल्ह्यात वेगळा नमुना शेगावचा. गजानन महाराज संस्थाननं दोनशे एकरांच्या आसपास जागेवर आनंद सागर उभं केलं. शिस्त, स्वच्छता, सेवाधाऱ्यांचं काम यांचं कौतुक सगळ्या महाराष्ट्रानं केलं. मध्ये काही वर्षं ते बंद राहिलं, मग टप्प्याटप्प्यानं उघडलं. इतकी सक्षम संस्था असूनही एवढं मोठं उद्यान सतत चालवणं किती जड जातं, याचा तो दाखला. शिवाय ते तीर्थाला येणाऱ्यांचं स्थळ. गल्लीतल्या मुलाची संध्याकाळची सोय त्यातून होत नाही आणि तसा त्याचा हेतूही नव्हता.

न सुटलेलं

महाराष्ट्रात २००१ ते २०११ या दहा वर्षांत जनगणना नगरांची संख्या दुपटीहून अधिक झाली. पाच हजारांवर लोकसंख्या, ठरावीक घनता आणि तीन चतुर्थांश पुरुष शेतीबाहेरच्या कामात, असं गाव जनगणनेच्या लेखी शहर ठरतं. कारभार मात्र ग्रामपंचायतीचाच राहतो. बुलडाणा जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या सुमारे २६ लाख आणि त्यातली शहरी जेमतेम एक पंचमांश, म्हणजे जिल्ह्याची पुढची वाढ मोठ्या गावांतच होणार. त्या गावांसाठी आराखडा कोणी करायचा, याचं उत्तर कायद्यात स्पष्ट नाही. प्रादेशिक योजना जिल्ह्याच्या मापानं विचार करते. गल्लीतलं मैदान तिच्या नकाशात टाचणीच्या टोकाएवढंही नसतं. विकास आराखडा नगरपंचायत झाल्यावर येतो, आणि त्यासाठी साधारणपणे दहा ते पंचवीस हजार लोकसंख्येची अट किंवा तालुक्याचं ठिकाण असणं लागतं.

नोंदींचं काय? ग्रामपंचायतीला नमुना २४ मध्ये आपल्या ताब्यातल्या जमिनींची आणि नमुना ३३ मध्ये झाडांची नोंद ठेवायची असते. २०२० पासूनच्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोननं मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार झाल्या, त्यात गावठाणातल्या सार्वजनिक जागाही रेखल्या जातात. मोजणी गावठाणापुरती आहे. लेआउटच्या ओपन स्पेस त्या हद्दीबाहेर पडतात. या जागा ग्रामपंचायतीच्या नावे चढवायच्या की प्लॉटधारकांच्या सामाईक मालकीत ठेवायच्या, यावर दोन मतं आहेत. पंचायतीच्या नावे झाल्या तर त्यांवर सरकारी इमारत येण्याची भीती, प्लॉटधारकांकडे राहिल्या तर बाहेरच्यांना मज्जावाची.

पुढची जनगणना २०२७ ची आहे. तिच्या आकड्यांवर काही गावं नगरपंचायतीच्या उंबरठ्यावर येतील. नगरपंचायत झाली की नियोजन अधिनियमाच्या २५ व्या कलमानुसार आराखड्याआधी सध्याच्या जमीनवापराचा नकाशा करावा लागतो. त्यात त्या दिवशी जमिनीवर जे असेल तेच दाखवलं जातं : घर असेल तिथे घर, पीक असेल तिथे पीक. ई-क्लासचा तुकडा किंवा लेआउटचे चार गुंठे त्यात मोकळे म्हणून दिसायचे असतील तर तोवर ते मोकळे राहिलेले असले पाहिजेत, आणि मधल्या वर्षांत ते तसे ठेवण्याचं काम सरपंच, तलाठी आणि तहसीलदार यांपैकी नक्की कोणाचं, हे आज तरी कुठेच लिहिलेलं नाही.